लपवलेला निकाल

निकाल लागून नऊ दिवस झाले होते. एमपीएससीच्या कर सहायकाच्या यादीत तिचं नाव होतं. घरी पेढे आले, वडिलांनी गल्लीत फ्लेक्स लावायचा घाट घातला, तेव्हा ती त्यांच्याशी भांडली आणि फ्लेक्स रद्द करायला लावला. कारण ही बातमी ज्या माणसाला सगळ्यांत आधी सांगायची, त्यालाच तिने अजून सांगितली नव्हती.

"मॅडम, पोस्ट निघाली माझी," माझ्याकडे समुपदेशनाला आलेली ती म्हणाली, "आणि मला रोज रात्री रडू येतंय."

दोघांचीही नावं देत नाही. बदललेली नावं देऊनही नाशकात फारसा उपयोग होत नाही. शहर कितीही वाढलं तरी कॉलेज रोडवरच्या माणसाचा मावसभाऊ सिडकोत निघतोच. तपशील पुरेसे बदलले आहेत, दोघांची परवानगी आहे. 'ती' आणि 'तो' एवढ्यावर भागवू.

ती २७ वर्षांची, सिडकोत वाढलेली. वडील एसटीतून निवृत्त, आई घरी ब्लाउज शिवते. तो ३० चा, बागलाणातला, घरी कांदा आणि थोडं डाळिंब. दोघं गंगापूर रोडच्या एका अभ्यासिकेत भेटले. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा २०२० साली ५ एप्रिलला व्हायची होती, ती लांबत लांबत २१ मार्च २०२१ ला झाली. मधलं वर्ष या पोरांनी कसं काढलं ते त्यांनाच माहीत. अभ्यासिका पुन्हा उघडल्या तेव्हा एक खुर्ची सोडून एक, अशी बसायची व्यवस्था होती. त्या एका रिकाम्या खुर्चीच्या अल्याड ती आणि पल्याड तो.

माझ्या खोलीच्या वरच्या मजल्यावरही एक अभ्यासिका आहे (त्यांची नव्हे, दुसरी). दाराबाहेरच्या चपलांचा ढीग बघून मला कळतं परीक्षा किती जवळ आली ते. या मुलांचं एक दुःख बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. त्यांना कुणी "आता पुरे" म्हणत नाही. खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे वय शिल्लक असतंच. एक मार्काने गेलेली प्री ही पुढच्या वर्षाची आशा होऊन बसते. आयोग थांबवत नाही, क्लासवाले तर नाहीच नाहीत आणि घरचे थांबवायला गेले तर ते वैरी ठरतात.

तर या दोघांना एकमेकांचा आधार झाला, यात नवल काहीच नाही. संध्याकाळी सात वाजता मेसचा डबा घेऊन दोघं गोदापार्कवर जायची. नदीकडे तोंड केलेला एक बाक होता. त्याचं नाव त्यांनी 'आपली खोली' ठेवलं होतं. तिथे बसलं की मोबाईल बंद. रविवारी पांडवलेणं. बाकी जगाशी संबंध हळूहळू सुटत गेला. कुणाचा निकाल लागला की पोटात गोळा यायचा म्हणून आधी टेलिग्रामचे ग्रुप सोडले. मग मित्रमैत्रिणींची लग्नं टाळली. मग घरचे फोन. त्याने तर गावाकडचा न्हावी टाळायला नाशकातच केस कापायला सुरुवात केली. खुर्चीत बसलं की "काय साहेब, चार्ज कधी घेताय?" हा प्रश्न ठरलेला असायचा.

तिने दुसऱ्या गटाची, म्हणजे गट-क ची मुख्य परीक्षा दिली हे त्याला माहीत होतं. "दिली सहज," असं ती म्हणाली होती. पुढे टायपिंगची कौशल्य चाचणी होती, त्यासाठी ती दोन महिने क्लासला गेली. त्याला मात्र "आईला दवाखान्यात न्यायचंय" असं सांगून. मग निकाल.

"का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"त्या बाकावर असं काही कधी सांगितलेलंच नाही मॅडम. तिथे आम्ही फक्त हरल्याचंच बोललो."

हे वाक्य मी लगेच वहीत लिहून घेतलं. त्याचा अर्थ मात्र मला तेव्हा पुरता कळला नव्हता.

त्याआधी मला एक गोष्ट विचारावी लागली आणि त्यावर ती दुखावली. तो रागावेल याची भीती वाटते का, तो तुझा फोन तपासतो का, पैसे मागतो का, कधी हात उगारलाय का. "तो तसा नाहीये हो," ती जवळजवळ ओरडलीच. पण हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही आणि कुठल्याही समुपदेशकाने जाऊ नये. "आम्हाला बाहेरचं कुणी नको" हे वाक्य प्रेमात आकंठ बुडालेली माणसं म्हणतात आणि कोंडून घातलेलं माणूसही म्हणतं. दुसऱ्या प्रकारात समुपदेशनाच्या गोड गोष्टी करत बसायचं नसतं. तिथे १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर हाताशी ठेवायचा आणि माणूस सुरक्षित कसं होईल ते आधी बघायचं. इथे तसं काही नव्हतं. इथे दोघांनी मिळून दार आतून लावून घेतलं होतं.

तिचा खरा प्रश्न तासाच्या शेवटी आला, दार उघडता उघडता. नेहमी तसाच येतो. "मॅडम, आमचं प्रेम म्हणजे पळवाटच होती का?"

हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातो. अंबडच्या कंपनीत कंत्राटावर काम करणारा पोरगा विचारतो, लग्नाला विरोध झाला म्हणून पाथर्डी फाट्याला भाड्याने राहणारं जोडपं विचारतं. मुलांचे आईबाप तोच प्रश्न उलटा करून आणतात: "तो तिच्याशिवाय कुणाशी बोलतच नाही, हे प्रेम आहे की वेड?" म्हणून थोडं सविस्तर सांगते.

प्रेमात आसरा शोधणं हा कमकुवतपणा नाही. जेम्स कोअन या अमेरिकन संशोधकाने २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ विवाहित बायकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवलं आणि मधूनमधून सौम्य विजेचा झटका बसेल असं सांगितलं. कधी हात नवऱ्याच्या हातात, कधी अनोळखी माणसाच्या, कधी कुणाच्याच नाही. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणारे मेंदूतले भाग सगळ्यांत शांत राहिले आणि ज्यांचा संसार जास्त समाधानाचा, त्यांच्यात हा परिणाम जास्त दिसला. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बाकावर मला बरं वाटायचं ते खरंच होतं." हो, खरंच होतं. तिला सगळ्यांत आधी हेच ऐकायचं होतं. तिच्या आतलं कुणीतरी तिला रोज खोटं ठरवत होतं.

पण आसरा हे प्रेमाचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं बघायचं तर रांगणारं मूल बघावं. ते आईचा पदर धरतं, मग सोडतं, चार हात लांब जाऊन चमचा उचलतं, मागे वळून बघतं, आई आहे याची खात्री झाली की आणखी दोन हात पुढे. घाबरलं की परत पदर. मेरी एन्सवर्थ या बाईंनी अशा मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं आणि जॉन बोल्बी यांच्याबरोबर त्यावर एक सगळा सिद्धांत उभा राहिला. १९८७ मध्ये हॅझन आणि शेव्हर या संशोधकांनी हेच धागे मोठ्या माणसांच्या प्रेमातही असतात असं मांडलं. हॅरी हार्लो या अमेरिकन संशोधकाचा माकडांच्या पिल्लांवरचा प्रयोग तर जुनाच, १९५० च्या दशकातला. अनोळखी खोलीत सोडलेलं पिल्लू कापडाच्या खोट्या आईला आधी घट्ट बिलगायचं आणि जरा धीर आला की त्याच खोलीतली खेळणी हाताळायला लागायचं. कापडी आई नसेल तेव्हा ते कोपऱ्यात अंग चोरून बसायचं.

म्हणजे पदर कशासाठी, तर सोडता यावा यासाठीसुद्धा. माझी स्वतःची कसोटी त्यामुळे अगदी घरगुती आहे. त्याच्याजवळ संध्याकाळ घालवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरचं जग एक इंच सोपं वाटतं की एक इंच अवघड?

तिने मान खाली घातली. "अवघड," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी सोपं वाटायचं. आता अवघड."

मी तिला आठवडाभराचं काम दिलं. बाकावर काय बोलणं होतं ते रोज रात्री दोन ओळींत लिहायचं. परीक्षेची पोरं नोट्स काढण्यात पटाईत असतात. तिने चार रंगांच्या पेनांनी तक्ता करून आणला. सोमवार: त्याचा चुलतभाऊ काय बोलला. मंगळवार: तिला बघायला आलेल्या स्थळाच्या आईने काय विचारलं होतं (ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट). बुधवार: अभ्यासिकेच्या मालकाचा तिरसटपणा. गुरुवार: पुन्हा चुलतभाऊ. शुक्रवार: गावच्या पारावरची माणसं. शनिवार: पोस्ट निघालेला जुना मित्र आता कसा ओळख दाखवत नाही. रविवारी पांडवलेण्यावर एका कुत्र्याच्या पिल्लाबद्दल बोलणं झालं, पंधरा मिनिटं. हिरव्या पेनाने लिहिलेली तेवढी एकच ओळ.

"आमच्याबद्दल काहीच नाहीये यात," तीच म्हणाली. मला काही बोलावं लागलं नाही.

हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. घरचा फोन आला, छातीत धडधडलं, फोन कट केला, सुटल्यासारखं वाटलं. हे सुटल्यासारखं वाटणं म्हणजेच बक्षीस. मेंदू ते लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी धडधड आधीपेक्षा लवकर सुरू होते आणि फोन आणखी लवकर कट होतो. टाळलेली गोष्ट टाळल्याने कधीच लहान होत नाही. इथपर्यंत हे चिंतेच्या कुठल्याही रुग्णात दिसतं. जोडप्यात आणखी एक पीळ पडतो. सुटका मिळते ती 'त्याच्याजवळ' किंवा 'तिच्याजवळ' मिळते, म्हणून प्रेम आणि भीती एकाच गाठीत बांधली जातात. आपण दोघं विरुद्ध जग, हेच नात्याचं बस्तान होऊन बसतं. मग आसरा टिकवायचा तर वादळही टिकवावं लागतं. चुलतभाऊ गुरुवारी पुन्हा उगाळला जातो तो त्यामुळे. तो सुधारला तर यांची पंचाईत.

आणि अशा आसऱ्यात चांगल्या बातमीला शिरायला जागाच नसते. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जोडप्यांवर केलेला एक अभ्यास मला या प्रकरणात फार उपयोगी पडला. जोडीदाराच्या वाईट बातमीला आपण कसे सामोरे जातो यापेक्षा त्याच्या चांगल्या बातमीला कसे सामोरे जातो, याचा नात्याच्या तब्येतीशी जवळचा संबंध दिसला. दुःखात डोकं टेकवायला खांदा सगळेच देतात, निदान देतो म्हणतात. "मला जमलं" असं कुणी म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर पहिल्या दोन सेकंदांत काय येतं ते बघा.

त्या दोन सेकंदांचीच तिला भीती होती.

तिसऱ्या वेळी ती त्याला घेऊन आली. निकालाचं सांगितलेलं नव्हतंच. "मॅडमकडे ताणासाठी जाते, तूही चल," एवढंच. तो आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "आम्ही दोघं एकमेकांना पुरेसे आहोत. यात चूक काय आहे ते आधी सांगा." मला तो आवडला. समुपदेशकाच्या खोलीत उद्धटपणा परवडतो, गोडवा परवडत नाही. मी म्हटलं, चूक काही नाही. त्यावर त्याचा पवित्रा थोडा सैलावला.

आणि तिथे मी माती खाल्ली. त्याचा फोन वाजला, बागलाणातून वडिलांचा. त्याने कट केला, पुन्हा वाजला, पुन्हा कट. मला वाटलं, लोखंड तापलंय. मी त्याला घरचा अभ्यास दिला: या आठवड्यात तीन जुन्या मित्रांना फोन करायचे. ज्याला एका फोनची धडधड सहन होत नाही त्याला तीन फोन. दोघं तीन आठवडे फिरकली नाहीत. तीस वर्षांच्या अनुभवाचा मला जरा जास्तच भरवसा होता.

नंतर आलं ऑगस्टमधलं पाणी. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, गंगेला पूर आला (बाहेरच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात), दुतोंड्या मारुती (नदीपात्रातली ही मूर्ती किती बुडाली यावर इथे पूर मोजतात) कमरेपर्यंत बुडाला आणि गोदापार्कवरची ती 'खोली' पाण्याखाली गेली. शहरात बाक पुष्कळ आहेत, पण त्या दोघांना बसायला दुसरी जागा सुचेना. दोन दिवस दोघं एका हॉटेलात चहा घेत बसली. आजूबाजूला माणसं, भज्यांची घाई, पुराचे व्हिडिओ दाखवणारी पोरं. त्या गर्दीत चुलतभावाचा विषय निघेना. तिसऱ्या दिवशी त्यानेच तिला विचारलं, "तू काहीतरी लपवतेयस ना?" ती म्हणाली, "मॅडमकडे चल, तिथे सांगते."

माझ्या खोलीत तिने सांगितलं. एका दमात सांगून टाकलं: टायपिंग, दवाखान्याची थाप, यादी, क्रमांक. मी त्याच्याकडे बघत होते. ते दोन सेकंद गेले. चेहऱ्यावर काहीच आलं नाही.

मग तो म्हणाला, "कट-ऑफ कितीला लागला?"

मला हसू आवरेना, तिलाही. परीक्षेच्या पोरांना मेल्यावर चित्रगुप्त भेटला तरी ते हेच विचारतील. तो मात्र हसला नाही. तिने आकडा सांगितला. त्याने मान हलवली, "चांगला आहे स्कोअर," म्हणाला आणि बराच वेळ टेबलावरच्या टिशूच्या खोक्याकडे बघत राहिला. नंतर अगदी हळू आवाजात: "दवाखान्याचं मी तीनदा विचारलं होतं तुला, आईला बरं आहे का म्हणून."

पोस्ट तिला मिळाली आणि त्याला नाही, हे दुःख होतंच. पण ते मागे राहिलं. 'आपल्या खोलीत' खोटं बोललं गेलं होतं, आणि ते त्याच्या भल्यासाठी बोललं गेलं होतं. या दुसऱ्या भागाचा घाव खोल असतो. तू सहन करू शकणार नाहीस असं मी आधीच ठरवून टाकलं, असा त्याचा अर्थ होतो. मी तिला त्याची माफी मागायला सांगितलं नाही. तिने मागितली, ते वेगळं.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच आला. पहिल्या वाक्याला म्हणाला, "ती नोकरीला जळगावला गेली की मी कुठं बसू?"

तो बाकाबद्दल बोलत होता आणि बाकाबद्दल बोलत नव्हता. मी विचारलं, ती भेटायच्या आधी तू कुठे बसायचास? त्याला आठवावं लागलं. कॉलेजात असताना सार्वजनिक वाचनालयात जायचा. १८४० ची संस्था, हे त्याने मला मुद्दाम सांगितलं, माहिती जिभेच्या टोकावर. कबड्डी खेळायचा. गावच्या भजनात टाळ धरायचा. आता यातलं काहीच नाही. मग पांडवलेण्यांचा विषय निघाला. २४ लेणी, ३ नंबरमधला गौतमी बलश्रीचा लेख, सातवाहन, क्षत्रप. मी ऐकत होते. आपल्याला येणाऱ्या गोष्टीवर बोलताना माणूस जरा ताठ बसतो. कोठड्यांतले दगडी ओटे तिला आवडायचे असं म्हणाला. "आपलं लग्न झाल्यावर एवढीच खोली पुरे, असं म्हणायची."

मग त्यानेच पुढे म्हटलं, "भिक्खू मुळात तिथं वर्षावासाला थांबायचे मॅडम. पावसापुरतं. पाऊस सरला की चालायला लागायचे." आणि गप्प झाला.

अशी आयती उपमा हातात आली की समुपदेशकाच्या तोंडाला पाणी सुटतं. मी तिला हात लावला नाही. ती त्याची होती.

यावेळी मी शहाणी होऊन आम्ही दोघांनी मिळून एक शिडी लिहिली. टाळलेल्या गोष्टी आणि प्रत्येकीपुढे धडधडीचे मार्क, शून्य ते शंभर. मार्क म्हटल्यावर त्याला ते लगेच पटलं. मेसच्या काकूंना "कशा आहात" विचारणं: १५. अभ्यासिकेच्या मालकाशी फीबद्दल बोलणं: ३०. वडिलांचा फोन उचलणं: ६०. मित्राच्या लग्नाला जाणं: ८०. गावच्या पारावर उभं राहणं: ९५. न्हाव्याला त्याने ७० दिले, त्यावर आम्ही थोडा वाद घातला. खालच्या पायरीपासून सुरुवात. धडधड निम्मी होईपर्यंत तिथेच थांबायचं, पळायचं नाही, मग वरची पायरी. वडिलांच्या फोनसाठी आम्ही सोय केली: रविवारी सकाळी नऊला तोच फोन करणार, तीन मिनिटं, विषय कांद्याचा भाव. वडिलांनी निकालाचं विचारलं तर एकच वाक्य: "चालू आहे, काही झालं की मीच सांगेन."

पहिल्या रविवारी वडील निकालाचं काही बोललेच नाहीत. फोनवर अहिराणीत सगळं बोलणं खतांच्या भावावर आणि पावसावर झालं. तो मला सांगत होता तेव्हा जरा गोंधळलेला होता. तीन वर्षं ज्या प्रश्नाला घाबरून फोन कट केले, तो प्रश्न म्हाताऱ्याने केव्हाच सोडून दिला होता. त्यांना मुलाचा आवाज हवा होता.

सगळं इतकं सरळ गेलं नाही. न्हाव्याने व्हायचं तेच विचारलं, आणि तो तिथून अर्धे केस कापून उठला. दोन दिवस टोपी घालून हिंडला. तिनेही एकदा मला रागाने मेसेज केला की तुम्ही त्याला शिकवताय आणि माझं काय, मी तर एकटीच जळगावला जायचीय. तिचं बरोबर होतं. तिच्यासोबत मी वेगळं बसले. तिला बाहेर जायची भीती नव्हती, बाहेर आवडलं तर काय याची भीती होती. मग ते प्रेम कशाचं होतं, असं तिला वाटायचं. मी तिला म्हटलं, ते तिथे गेल्यावरच कळेल. खोट्या दिलाशाचा मला कंटाळा आहे.

आईवडिलांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण ते फार विचारतात. मुलाने किंवा मुलीने असा कोष करून घेतला असेल तर त्या कोषावर हल्ला करू नका. "तिला सोड, मग अभ्यास होईल" हे वाक्य त्यांच्या दृष्टीने एक पुरावा ठरतं: बघ, जग वाईटच आहे. त्याऐवजी त्यांना घरी बोलवा. दोघांना जेवायला बोलवा. जात वेगळी, म्हणून बोलावणार नाही, असं असेल तर मग बाहेरचं जग म्हणजे कोण, ते आरशात बघावं लागेल. इथे तिच्या वडिलांना हे पचायला दोन महिने लागले. बोलावलं त्यांनी, दिवाळीनंतर. त्याने चकल्या संपेपर्यंत खाल्ल्या म्हणून तिच्या आईला तो पसंत पडला.

आणि जर भीती, निराशा इतकी असेल की झोप-जेवण गेलं, जगणं नको वाटायला लागलं, तर प्रेम-बिम बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर २४ तास चालतो, मराठीतही बोलता येतं. परीक्षेच्या पोरांनी हा नंबर कट-ऑफसारखा पाठ ठेवावा.

जानेवारीत ती जळगावला रुजू झाली. गाडीने तीन-साडेतीन तास. एक आड एक शनिवारी ती नाशिक रोडला उतरते, किंवा तो तिकडे जातो. पहिले दोन महिने वाईट गेले, रोज रात्री तीन तास फोन, आणि फोनवर पुन्हा तेच: तिच्या ऑफिसातली माणसं कशी आहेत. मग तिला तिथे भाड्याच्या खोलीत एक मैत्रीण मिळाली, आणि तो सकाळी दोन तास एका क्लासमध्ये इतिहास शिकवायला लागला. पोरं ऐकतात म्हणाला. राज्यसेवेचा एक शेवटचा प्रयत्न त्याने ठरवलाय, तारीख घालून. ती तारीख त्याने स्वतः वडिलांना सांगितली. पाराचे ९५ मार्क अजून ६० वर आहेत.

गेल्या आठवड्यात तिचा मला मेसेज आला. तो मित्राच्या हळदीला गेला होता, फोन सायलेंटवर, तीन तास पत्ता नाही. दहा मिस्ड कॉल. नंतर व्हिडिओ पाठवला, त्यात हा डोक्याला रुमाल बांधून डीजेपुढे नाचतोय. मग दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, दोन दिवस अबोला.

"चुलतभावावरून नाही मॅडम," तिने खाली लिहिलं होतं, "आमच्यावरूनच झालं या वेळी."

मी तिला शनिवारची साडेचारची वेळ दिली आहे. दोघांना.